गुण मांडायला बसलेला मुलगा

ताई,
माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. तोंडी काहीही विचारा, फटाफट सांगतो. पण वहीतलं अक्षर ओळ सोडून वर-खाली जातं आणि पेपर कधीच पुरा होत नाही. पाण्याचा पेला सांडतो, शर्टाची बटणं वर-खाली लावतो. बाई म्हणतात, लक्ष नसतं. हे म्हणतात, माझ्या लाडाने आळशी झालाय. म्हणून रोज रात्री त्याच्याकडून दोन पानं शुद्धलेखन लिहून घेते. तासभर रडारड चालते. तसा गुणी आहे हो, संध्याकाळी मुलं खेळतात तेव्हा हा पायरीवर बसून सगळ्यांचे गुण मांडतो. याला वळण कसं लावू?
— हताश आई

तुमचं पत्र अक्षराबद्दल आहे, पण मी अडकले ती त्या पायरीपाशी. बरोबरीची पोरं समोर धावतायत आणि नऊ वर्षांचा मुलगा रोज बाजूला बसून त्यांचे गुण मांडतोय! तुम्ही हे कौतुकाने सांगितलंत. पण त्याला चेंडू झेलताना शेवटचं कधी पाहिलंत? मला वाटतं, चेंडू निघून गेल्यावर त्याचे हात मिटत असणार, आणि आपण संघात कुणाला नको आहोत हे त्याला कधीच कळून चुकलं असणार. मुलांमध्ये राहता येईल आणि हातपायांची परीक्षाही होणार नाही, अशी एकच जागा तिथे होती. ती त्याने शोधून काढली. आळशी मुलाला एवढा खटाटोप कशाला सुचेल?

आता स्वतःचंच पत्र पुन्हा वाचा. अक्षर, पेला, बटणं आणि खेळ. प्रश्न नुसत्या वहीचा असता तर बटणं नीट लागली असती. शाळकरी मुलांपैकी साधारण 5 ते 6 टक्के मुलांना हालचालींचा मेळ घालणं मुळातच अवघड जातं. डॉक्टर त्याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात, काही जण डिस्प्रॅक्सिया म्हणतात. बुद्धी चांगली असते, डोळेही ठीक असतात, पण हालचाल कधी, किती जोराने आणि कुठवर करायची, हे गणित जुळत नाही. इतरांची बोटं न बघता बटण लावतात, याला प्रत्येक बटणाकडे ध्यान द्यावं लागतं. लिहिताना सगळं लक्ष अक्षर वळवण्यातच संपतं, उत्तर डोक्यातच राहतं. तोंडी येतं आणि पेपरात येत नाही, ते म्हणून.

तुमच्या मुलाला हेच आहे, असं मी पत्रावरून सांगू शकत नाही. ते तपासूनच कळतं. त्यामुळे माझं सांगणं एकच: याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून, म्हणजे रोजची कामं जमवायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडून, हालचालींची चाचणी करून मागा. डॉक्टर आधी डोळे, स्नायू, मज्जासंस्था बघतील. चाचणीत छोट्या खुंट्या भोकांत बसवणं, चेंडू झेलणं, एका पायावर तोल सांभाळणं अशा गोष्टी करायला लावतात आणि त्याच वयाच्या मुलांशी ताडून पाहतात. नुसत्या गुणांवर निदान होत नाही. रोजच्या जगण्यात आणि शाळेत किती अडतं, लहानपणापासून असंच होतं का, हेही विचारतात. म्हणून चमच्याने जेवायला, जिना उतरायला, सायकल चालवायला तो केव्हा शिकला, ते आठवून लिहून न्या. बाईंचं 'लक्ष नसतं' हेही सांगा, कारण अशा बऱ्याच मुलांना एकाग्रतेचीही अडचण असते. आणि आधी सहज जमणारं काही अलीकडे जमेनासं झालं असेल, किंवा एकाच बाजूचा हातपाय कमजोर वाटत असेल, तर आठवडाभरही थांबू नका.

'मोठा झाला की सुधारेल' म्हणणारे भेटतील. पुष्कळ मुलांमध्ये ही अडचण किशोरवयातही टिकते, आणि तोवर खेळ टाळायची सवय पक्की होऊन बसते.

ती दोन पानं मात्र आज रात्रीपासून बंद. मला तुमचा राग आला तो इथेच. दिवसभर वर्गात जे जमलं नाही, तेच रात्री तो आईसमोर पुन्हा हरतो. रडून अक्षर सुधारायचं असतं तर एव्हाना सुधारलं असतं. तपासणीला नवऱ्यालाही न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.

चांगला थेरपिस्ट मुलालाच विचारतो, तुला काय जमायला हवंय? मग तेच काम सुटं करून, कुठे चुकतं ते त्याच्याकडूनच शोधून घेत शिकवतो. तेव्हा तो 'चेंडू झेलायचाय' म्हणाला, तर मध्येच 'आधी अक्षर' म्हणू नका.