जॉब चढवण्याआधी

प्रिय पोरी,

शुक्रवारी बेंगळूरच्या कंपनीची तुझी व्हिडिओ मुलाखत आहे आणि तू रात्र रात्र जागून कोडिंगचे प्रश्न सोडवतेयस, असं आई म्हणाली. सोडव. पण पोरं अडकतात ती दुसरीकडंच.

माझंच बघ. पहिल्या मुलाखतीत फळ्यावर प्रश्न दिला आणि मी पंचवीस मिनिटं तोंड न उघडता लिहीत राहिलो. दहावीपर्यंत खानापुरात मराठी शाळा, इंग्रजी चुकेल ही धास्ती. उत्तर बरोबर आलं, तरी घरी पाठवलं. पुढं मीच टेबलाच्या पलीकडं बसायला लागलो तेव्हा कारण कळलं. मुकाट लिहिणारा विचार करतोय की पाठ केलेलं उतरवतोय, हे समोरच्याला समजणार कसं?

तुझे बाबा बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यात लेथवर आहेत. कुणी जॉब, म्हणजे लेथवर घडवायचा तुकडा, घेऊन आला की ते लगेच चढवतात का? मटेरियल काय, टॉलरन्स किती (मापात किती फरक चालेल), नग किती, हे आधी. दोन नगांना एक पद्धत, दोन हजारांना दुसरी. तूही तसंच कर.

समज, विचारलं: यादीतल्या कुठल्या दोन आकड्यांची बेरीज 100 होते? लगेच टाइप करू नकोस. विचार, आकडे किती? क्रमानं लावलेत का? एकच आकडा दोनदा येतो का? जोडी नसलीच तर काय परत द्यायचं? शंभर आकडे असतील तर प्रत्येक जोडी तपासून चालेल. दहा लाख असतील तर जोड्या होतात जवळपास 50 हजार कोटी. सेकंदाला 10 कोटी तपासल्या तरी 80 मिनिटं उलटतात. मग हॅश मॅप घे, म्हणजे आलेला आकडा नोंदवून ठेवणारी आणि विचारला की झटकन सांगणारी वहीच. 37 आला की 63 आधी येऊन गेलाय का बघायचं, नसेल तर 37 नोंदवून पुढं. एका फेरीत काम होतं, मेमरी मात्र खाते. यादी क्रमानं असेल तर तेही नको, दोन टोकांवर दोन बोटं ठेवून आत सरकवायची: बेरीज कमी पडली तर लहान आकड्याकडचं बोट, जास्त झाली तर मोठ्याकडचं. हे सगळं मोठ्यानं बोलत कर. चुकलीस तर समोरचा बहुतेक वेळा हळूच इशारा देतो. तो ऐकू येण्याइतकी थांब.

इंग्रजीचं म्हणशील तर घरी मराठी, बसमध्ये कन्नड, कॉलेजात इंग्रजी असं तू रोज फिरवतेसच की! व्याकरण चुकलं तर चुकू दे. रिझ्युमेत मात्र फक्त ऐकून माहीत असलेलं काही लिहू नकोस, नेमकं तेच विचारतात.

ऑफर आली तर सीटीसीचा (कंपनीला तू वर्षाला एकूण कितीला पडतेस त्याचा) आकडा गल्लीभर सांगत सुटू नकोस (आईलाही बजाव). त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, बऱ्याचदा ग्रॅच्युइटी, मिळेल न मिळेल असा व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भागही धरलेला असतो. हातात महिन्याला किती आणि नोटीस पिरियड किती, हे एचआरला सरळ विचार.

पावसात तुमच्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही. शुक्रवारी टिळकवाडीत माझ्याकडंच ये, इन्व्हर्टर आहे. मी ऑफिसात असेन, किल्ली शेजारच्या काकूंकडं ठेवतो.

तुझा,
काका