'फुटीरतावादी' म्हणावं का?

कॅनडातल्या निवडणुकीची बातमी मराठीत देताना 'सेपरेटिस्ट'ला (म्हणजे फ्रेंचभाषक क्युबेक प्रांताचा वेगळा देश व्हावा म्हणणाऱ्यांना) 'फुटीरतावादी' म्हणायचं की 'स्वातंत्र्यवादी', असा प्रश्न आला आहे. मी आधी विचारीन, शब्द कुणाच्या तोंडचा आहे?

डिसेंबर २००८. लिबरल आणि एनडीपी या विरोधी पक्षांनी 'ब्लॉक केबेक्वा' या वेगळं होऊ पाहणाऱ्या क्युबेकी पक्षाच्या पाठिंब्यावर पंतप्रधान स्टीफन हार्पर यांचं सरकार पाडायचा घाट घातला होता. हार्पर टीव्हीवरून देशाशी बोलले. इंग्रजीत ब्लॉकवाले झाले 'सेपरेटिस्ट', त्याच संध्याकाळी फ्रेंचमध्ये मात्र 'सुव्हरेनिस्त', म्हणजे सार्वभौमत्ववादी. माणसं तीच! 'सेपरातिस्त' हे क्युबेकमध्ये बहुधा विरोधकांनी चिकटवलेलं नाव. चळवळीतले लोक स्वतःला सुव्हरेनिस्त म्हणवून घेतात. इंग्रजी टोरांटोत भीती घालायची, क्युबेकच्या मॉन्ट्रियलला दुखवायचं नाही, असा हा हिशेब.

त्याआधी, डिसेंबर २००५ च्या इंग्रजी निवडणूक-वादविवादात तेव्हाचे पंतप्रधान पॉल मार्टिन ब्लॉकचे नेते जिल द्युसेप यांच्यावर कडाडले होते : सार्वमतात संदिग्ध प्रश्न विचारण्याची चलाखी करून माझा देश माझ्याकडून हिरावून घेऊ देणार नाही, अशा आशयाचं. म्हणजे वेगळं होणं ही थेट चोरी. (क्युबेकच्या १९९५ च्या सार्वमतात वेगळं होण्याला 'नाही' म्हणणारी मतं जेमतेम ५०.५८ टक्के होती, तो धसका होताच.)

आपल्याकडेही भाऊ 'वेगळा निघाला' म्हणणारे वेगळे आणि त्यानं 'घर फोडलं' म्हणणारे वेगळे. 'फुटीर' हा दुसऱ्या गटातला शब्द. 'फुटीर आमदार' म्हटलं की कसा वास येतो ते सांगायला नको. त्यातून 'फुटीरतावादी' आपण वाचलाय तो काश्मीर आणि खलिस्तानच्या बातम्यांत, म्हणजे बंदूक गृहीतच. ब्लॉक मात्र १९९३ मध्ये ५४ जागा जिंकून ओटावाच्या संसदेत अधिकृत विरोधी पक्ष होता.

म्हणून हार्पर यांचं इंग्रजी वाक्य देताना 'फुटीरतावादी' खुशाल लिहा, अवतरणचिन्हांत. बातमीदाराच्या स्वतःच्या वाक्यात 'स्वातंत्र्यवादी' ठेवा. 'अलगाववादी' हिंदीतून आलाय, मला तो नको वाटतो.

एक खड्डा मात्र आहे. नुसतं 'स्वतंत्र क्युबेकची मागणी' लिहिलंत तर आपला वाचक 'स्वतंत्र विदर्भ'सारखं वेगळं राज्य समजेल. क्युबेक प्रांत तर आधीपासून आहेच. तिथे 'स्वतंत्र देश' असंच लिहा.