स्कॉटी मूर यांच्या गिटारी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एल्विस प्रेस्लीच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांवर वाजणारे स्कॉटी मूर नेमकी कोणती गिटार वापरत असत? जुन्या छायाचित्रांत कधी सोनेरी, तर कधी फिकट लाकडी रंगाची मोठी गिटार त्यांच्या हाती दिसते. माझे काही मित्र मात्र ती सगळी गाणी सोनेरी गिटारवरचीच आहेत असे ठामपणे सांगतात.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे साधारण वर्षभराच्या मुद्रणांपुरतेच खरे आहे. ५ जुलै १९५४ रोजी मेम्फिस येथील सन स्टुडिओत ‘दॅट्स ऑल राइट’चे मुद्रण झाले, तेव्हा मूर यांच्या हाती गिब्सन कंपनीची सोनेरी ईएस-२९५ होती, आणि त्यानंतर जुलै १९५५पर्यंत तीच होती. पुढे ज्या गाण्यांनी एल्विसचे नाव जगभर झाले, त्यांपैकी ‘हार्टब्रेक हॉटेल’सह बहुतेक गाणी तिच्यानंतर आलेल्या गिटारींवरची आहेत. सोनेरी गिटार डोळ्यांत भरते, म्हणून तिला न केलेल्या कामाचेही श्रेय मिळत गेले, एवढाच त्याचा अर्थ.

नौदलातील नोकरी संपवून मूर मेम्फिसला आले तेव्हा ते भावांच्या कपडे धुण्याच्या दुकानात हॅटना आकार देण्याचे काम करीत आणि संध्याकाळी स्थानिक वाद्यवृंदात वाजवीत. आधी त्यांच्याकडे फेंडरची भरीव बॉडीची गिटार होती. १९५३ मध्ये त्यांनी मेम्फिसमधील ओ. के. हाउक या वाद्यांच्या दुकानातून ईएस-२९५ घेतली. ‘ईएस’ म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश, आणि २९५ हा आकडा मूळ किमतीचा, डॉलरमधला. हे मॉडेल १९५२ मध्ये बाजारात आले. त्याचा साचा ईएस-१७५चाच होता : मेपलच्या पातळ थरांची पोकळ बॉडी, मानेजवळ टोकदार खाच, तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे दोन पी-९० पिकअप. त्यावर सोनेरी रंग आणि तारांखालच्या संरक्षक पट्टीवर फुलांची नक्षी एवढी सजावट होती.

त्या गिटारचा एक दोष जवळून पाहण्यासारखा आहे. तिची घोडी आणि तारा अडकवण्याची चौकट एकाच तुकड्याची होती, त्यामुळे प्रत्येक तारेची लांबी स्वतंत्रपणे जुळवता येत नसे. मानेच्या वरच्या भागात वाजवू लागले की एखादी तार किंचित बेसूर लागे आणि ती दुरुस्त करायला जागाच नसे. मूर यांनी ती चौकट काढून साधी चौकट बसवली, आणि घोडी मेलिटा नावाची लावली, जिच्यावर सहाही तारांचे आधार वेगवेगळे पुढे-मागे सरकवता येतात. म्हणूनच त्यांच्या छायाचित्रांतील ईएस-२९५ ही कारखान्यातून निघालेल्या ईएस-२९५सारखी दिसत नाही, आणि जाणकार तिला घोडीवरून ओळखतात.

जुलै १९५५ मध्ये त्यांनी त्याच दुकानात ती देऊन गिब्सनची एल-५ सीईएसएन घेतली. छायाचित्रांतील फिकट लाकडी गिटार ती हीच, कारण शेवटचा ‘एन’ म्हणजे नैसर्गिक रंग. तिच्या बॉडीची वरची फळी स्प्रूसच्या लाकडातून कोरून घडवलेली असल्याने तिचा खालचा स्वर अधिक भरीव आणि वरचा अधिक गोल येतो. ‘मिस्टरी ट्रेन’ याच गिटारवरचे आहे. १९५७च्या आरंभी त्यांनी आणखी मोठी सुपर ४०० घेतली. १९३४ मध्ये हे मॉडेल प्रथम आले तेव्हा त्याची किंमत ४०० डॉलर होती, म्हणून हे नाव. पुढे त्यांच्याकडे गडद कडांची दुसरी सुपर ४०० आली. जून १९६८ मध्ये एल्विसच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे चित्रण झाले तेव्हा मंडळी गोल करून बसली होती, आणि एल्विसने मूर यांच्या मांडीवरची हीच गिटार आपल्याकडे घेतली. त्या कार्यक्रमात एल्विसच्या हाती दिसणारी विजेची गिटार त्याची स्वतःची नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

माझे मत विचाराल तर मूर यांचे सर्वांत ताजे वादन सोनेरी गिटारवरचे आणि सर्वांत भारदस्त वादन एल-५वरचे आहे. सुपर ४०० हे दिसायला राजेशाही वाद्य आहे, परंतु तोपर्यंत त्यांच्या भोवतीचा वाद्यवृंद वाढला होता आणि गिटारला वावरायला जागा कमी उरली होती.

प्रश्न : मूर यांच्या गिटारचा स्वर एकदा वाजून लगेच पुन्हा उमटल्यासारखा ऐकू येतो. त्या काळी आजच्यासारखी पेडल नव्हती, मग हा परिणाम कसा साधला? तो गिटारचा गुण आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तो गिटारचा गुण नाही. आपण ज्या मुद्रिका ऐकल्या असतील त्यांनुसार त्याची दोन वेगळी उत्तरे आहेत.

सन स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांनी तेथे अँपेक्स कंपनीची दोन टेपयंत्रे जोडून ठेवली होती. टेपयंत्रात मुद्रण करणारे शीर्ष आणि वाजवणारे शीर्ष यांच्यामध्ये थोडे अंतर असते. मुद्रित झालेला स्वर त्या अंतराइतकी टेप सरकल्यावरच वाजवणाऱ्या शीर्षापाशी पोहोचतो. टेप सेकंदाला १५ इंच वेगाने धावत असेल आणि अंतर दोनेक इंच असेल, तर हा विलंब सेकंदाच्या सातव्या-आठव्या भागाएवढा होतो. फिलिप्स हा उशिरा आलेला स्वर मूळ स्वरात मिसळीत. तो परिणाम गायकासकट सगळ्या मुद्रणावर असे, आणि तो स्टुडिओबाहेर नेता येत नसे. कार्यक्रमात वाजवताना मूर यांची गिटार त्यामुळे कोरडीच ऐकू येत असे.

दुसरे उत्तर १९५५ नंतरच्या मुद्रिकांचे. इलिनॉय राज्यातील कैरो या गावी रे बट्स नावाचे गृहस्थ होते. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीतच टेपचा एक फिरता वेढा बसवला आणि त्याला इकोसॉनिक असे नाव दिले. नामवंत गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स यांच्याकडे त्यांतील अगदी आरंभीचा एक होता. त्यांचे वादन ऐकून मूर यांनी शोध घेतला आणि १९५५ मध्ये स्वतःसाठी एक मागवला. त्याची किंमत सुमारे ५०० डॉलर, म्हणजे सोनेरी गिटारपेक्षाही पुष्कळ जास्त होती. आता प्रतिध्वनी गिटारपुरता राहिला, तो हवा तेव्हा लावता-काढता येऊ लागला आणि तो मंचावरही नेता आला. जानेवारी १९५६ मध्ये आरसीए या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी एल्विसचे पहिले मुद्रण झाले, तेव्हा नॅशव्हिलमधील तंत्रज्ञांना सनचा परिणाम साधता येईना आणि त्यांनी आवाजासाठी बाहेरच्या मार्गिकेतील घुमण्याचा आधार घेतला. मूर यांच्या गिटारला मात्र अडचण आली नाही, कारण तिचा प्रतिध्वनी त्यांच्या शेजारच्या पेटीत होता. पुढे सभागृहांतील किंकाळ्यांपुढे ही सुमारे २५ वॅटची पेटी अपुरी पडू लागली, तेव्हा बट्स यांनी तिला जोडायच्या आणखी शक्तिशाली पेट्या त्यांना बनवून दिल्या.

गिटारचा वाटा कोणता, हेही सांगायला हवे. पहिल्या मुद्रिकांत ड्रमवादक नव्हता. एल्विसची साधी गिटार, बिल ब्लॅक यांचा डबल बास आणि मूर एवढेच तिघे होते. मूर अंगठ्यात नखी घालून खालच्या तारांवर ठेका धरीत आणि उरलेल्या बोटांनी वरच्या तारांवर सूर काढीत. मर्ल ट्रॅव्हिस आणि अ‍ॅटकिन्स या गिटारवादकांकडून आलेली ही पद्धत आहे. अंगठ्याने वाजवलेला आणि तळव्याने थोपवलेला खालचा स्वर पोकळ बॉडीवर बोथट आणि लाकडी उमटतो, भरीव बॉडीवर तो लांबत राहतो आणि बासच्या मध्ये येतो. त्यात प्रतिध्वनीची भर पडली की ड्रम नसल्याची उणीव जाणवत नाही.

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. येथे एका विक्रेत्याकडे १९५०च्या दशकातील ईएस-२९५ आहे, परंतु तिचा सोनेरी रंग कोपर टेकते तेथे हिरवट पडला आहे. ती नकली असेल का? ती घेतल्यास मला मूर यांचा आवाज मिळेल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : हिरवटपणाने घाबरू नये. त्या सोनेरी रंगात कांस्याची पूड असते. घामाने आणि घासल्याने वरचा लॅकर झिजला की पुडीतील तांबे हवेच्या संपर्कात येऊन हिरवे पडते. जुन्या गिटारचा रंग सगळीकडे सारखा चकचकीत असेल, तर उलट तिला नव्याने रंग दिला आहे का, हे विचारावे, कारण रंग बदललेल्या वाद्याची किंमत बरीच उतरते. हे मॉडेल १९५८ मध्ये बंद झाले आणि अगदी शेवटच्या काळातील गिटारींवर पी-९०ऐवजी हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचे, पिकअप बसवलेले आढळतात. आपल्याला मूर यांचा स्वर हवा असल्याने हा फरक आधी पाहावा.

पी-९० हा एकाच गुंडाळीचा पिकअप असल्याने गुणगुणतो. दुकानात गिटार घेऊन जागच्या जागी हळूहळू वळून पाहावे. एका दिशेला गुणगुण कमी होते. ती कोणत्याही दिशेला कमी झाली नाही, तर आतील जोडण्या तपासून घ्याव्यात. पोकळ बॉडी स्पीकरसमोर धरून आवाज वाढवला तर ती घुमू लागणार, हा मात्र बिघाड समजू नये.

आवाजाच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला कदाचित आवडणार नाही. त्या काळी जाड तारा वापरीत आणि तिसरी तारही वेढा दिलेली असे. आजच्या बारीक तारांवर तो बोथट ठेका येत नाही. तेव्हा आधी तशा तारा आणि अंगठ्याची नखी आणावी आणि हाती असलेल्या कोणत्याही पोकळ बॉडीच्या गिटारवर, सेकंदाच्या सातव्या भागाएवढा एकच प्रतिध्वनी लावून, काही महिने वाजवून पाहावे. त्यानंतरही ईएस-२९५ हवीशी वाटली तर घ्यावी, आणि विक्रेत्याने मूळ घोडी बदलून दिली असेल तर जुनी घोडी मागून घेण्यास विसरू नये.