युटात मॉर्मन रूममेटसोबत राहणार असाल तर

मॉर्मन म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक. तुमच्या रूममेटने त्यांच्या चर्चच्या मंदिरात 'एंडाउमेंट' (देवाला वचनं देण्याचा) विधी केला असेल, तर तो रोजच्या कपड्यांच्या आत दोन भागांचं साधं वस्त्र घालतो. ते बहुतेक पांढरं असतं. वरचा भाग टीशर्टसारखा, खालचा गुडघ्यापर्यंत. त्यावर लहान खुणा असतात आणि त्या देवाला दिलेल्या वचनांची आठवण करून देतात. आपल्याकडचे पारशी कपड्यांच्या आत जो पवित्र सुदरा घालतात, त्याचा विचार करा, म्हणजे भाव लगेच कळेल.

खरी चूक होते ती लाँड्रीत. ड्रायरमध्ये त्याचे कपडे राहिलेले दिसले तर सगळे एकत्र उचलून त्याच्या टोपलीत ठेवा. एकेक उलगडून पाहू नका, जमिनीवर टाकू नका, बाल्कनीत चारचौघांसमोर वाळत घालू नका. जुनं वस्त्र फडकं म्हणून वापरायला घेऊ नका. ते टाकण्याआधी खुणा कापून नष्ट करायच्या असतात आणि ते काम त्याचंच. फोटो तर अजिबात नको.

'मॅजिक अंडरवेअर' हा शब्द तिथे सर्रास कानावर येईल. तो तुम्ही वापरू नका, फार लागतो. 'गार्मेंट' म्हणा. कुतूहल असेल तर २०१४ मध्ये चर्चने स्वतःच एक व्हिडिओ काढून हे कपडे दाखवले आहेत, तो पाहा. पोहताना किंवा व्यायाम करताना ते उतरवलेलं दिसलं, तरी "आज घातलं नाहीस?" असं विचारू नका. तो प्रश्न त्याचा आणि देवाचा.

चहा-कॉफीचा आग्रहही करू नका, त्यांच्या धर्मात ती वर्ज्य आहे. लिंबू सरबत चालतं.