सोलापुरात राहून ओपन वॉटर जलतरणात करिअर करता येईल का?

तुमची मुलगी 14 वर्षांची आहे, पोहण्याच्या तलावात 1500 मीटर 22 मिनिटांत पोहते, तिला लांब पल्ल्याची ओपन वॉटर (म्हणजे समुद्र, धरण अशा उघड्या पाण्यातली) जलतरणपटू व्हायचंय, आणि कुणीतरी तुम्हाला 'थेट इंग्लिश चॅनलची तयारी करा' असं सांगितलंय. सोलापुरात बसून हे जमेल का, असं तुम्ही विचारता. मी इथंच मुलांना पोहायला शिकवते आणि समुद्रातल्या पल्ल्यांना सोबतीच्या होडीत बसून गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक ठरवा, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. ओपन वॉटर या एकाच नावाखाली दोन खेळ चालतात. एक शर्यतीचा, दुसरा खाडी किंवा सामुद्रधुनी पार करण्याचा. तयारी, खर्च, वय, पुढची नोकरी, सगळं वेगळं. पालक पेपरात दुसऱ्या खेळाचा फोटो बघून येतात, आणि मनात करिअर असतं पहिल्या खेळाचं.

शर्यतीचा हिशोब सरळ आहे. 10 किलोमीटरची शर्यत 2008 च्या बीजिंगपासून ऑलिंपिकमध्ये आहे. पहिल्या फळीतल्या बायका ती साधारण दोन तासांत संपवतात. म्हणजे दर 100 मीटरला 72 सेकंद, असे शंभर वेळा. तुमच्या मुलीच्या 22 मिनिटांचा अर्थ दर 100 मीटरला 88 सेकंद. हाच वेग तिनं 10 किलोमीटर टिकवला (आज तो टिकणार नाही), तरी दोन तास 27 मिनिटं लागतील. आंतरराष्ट्रीय नियमानुसार पहिली मुलगी पोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाकीच्यांनी पोचायचं असतं, म्हणजे ती जेमतेम त्या मुदतीत बसेल. हे घाबरवायला लिहीत नाही. ज्युनियर जागतिक स्पर्धेत 14-15 वर्षांच्या गटाला 5 किलोमीटरच असतात. सांगायचं इतकंच की पुढची तीन-चार वर्षं तिचं काम तलावातच आहे: 400, 800 आणि 1500 मीटरची वेळ खाली आणणं. वेग तलावात तयार होतो, समुद्रात तो फक्त वापरला जातो. टोकियोत 10 किलोमीटरचं सुवर्ण जिंकलेल्या फ्लोरियन वेलब्रॉकनं त्याच ऑलिंपिकमध्ये तलावातल्या 1500 मीटरचं कांस्यही घेतलं होतं. त्यामुळे समुद्र नाही म्हणून तुम्ही हळहळताय, त्याला आत्ता तरी कारण नाही. तिला पहाटे रिकामी लेन आणि घड्याळ हातात धरणारा कोच हवा.

आता चॅनल. मिहिर सेन 1958 मध्ये आणि आरती साहा 1959 मध्ये पोहून गेल्या, तेव्हापासून आपल्याकडे त्याचं आकर्षण आहे आणि ते रास्त आहे. इंग्लंड ते फ्रान्स, सरळ रेषेत सुमारे 33 किलोमीटर. भरती-ओहोटी बाजूला ढकलत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. अंगात साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, गॉगल. वेटसूट, म्हणजे अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख, चालत नाही. होडीला हात लावला की संपलं, म्हणून पिण्याची बाटली दोरीनं सोडतात. आणि मुख्य म्हणजे वयाची अट 16 वर्षांची आहे. म्हणजे घाई करायचं काहीच कारण नाही. सोबतीच्या बोटीचंच भाडं तीन हजार पौंडांच्या वर जातं, आणि तारीख दोन-तीन वर्षं आधी धरावी लागते. राहणं, विमान, सोबतचं माणूस हे वेगळंच.

सोलापूरकरांना खरी अडचण येते ती थंडीची. चॅनलसाठी आधी 16 अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावं लागतं. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेही उजनीचं पाणी तितकं गार होत नाही. लांब पोहायची ताकद इथं कमावता येते, थंडी सोसणं मात्र थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे राहूनच शिकावं लागतं. बर्फाच्या टबात दहा मिनिटं बसून ते येत नाही. अंगावर थोडी चरबीही लागते, तेव्हा मुलीला बारीक राहायला सांगत असाल तर ते आधी थांबवा. भाकरी, शेंगाची चटणी, दूध पोटभर खाऊ द्या.

उन्हाळ्याचंही तितकंच भान ठेवा. 2010 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत 10 किलोमीटरच्या शर्यतीत फ्रॅन क्रिपन हा अमेरिकी पोहणारा गरम पाण्यात दगावला. आज शर्यतीसाठी पाण्याची वरची मर्यादा 31 अंश आहे. आपल्या एप्रिल-मेमध्ये दुपारी उथळ तलावाचं पाणी किती तापतं ते हात घालून बघा. त्या दिवसांत लांब पल्ला पहाटेच, आणि दर अर्ध्या तासाला पाणी पाजून.

उजनीत सराव करा, पण होडीशिवाय एक मिनिटही नाही. मे 2024 मध्ये तिथं कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण गेले. उन्हाळ्यातला संध्याकाळचा वारा कुणाला विचारून येत नाही. मी त्या दिवसांत सकाळी नवाच्या पुढं कुणालाही पाण्यात ठेवत नाही, आणि त्यावर माझ्याशी वाद घालू देत नाही.

नोकरीचं विचारलंत. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही क्रीडा कोटा असतो. तिथं मोजलं जातं ते मान्यताप्राप्त अजिंक्यपद स्पर्धेतलं स्थान. चॅनल पार करणं साहसात धरतात. पुण्याच्या रोहन मोरेंनी 2018 मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून 'ओशन्स सेव्हन' म्हणजे जगभरातल्या ठरलेल्या सात सामुद्रधुन्या पोहून पूर्ण केल्या, असं करणारे ते आशियातले पहिले, आणि त्यांना मिळाला तो तेनसिंग नोर्गे साहस पुरस्कार. मान मोठाच आहे, पण पोटापाण्याची वाट म्हणून बघत असाल तर फरक समजून घ्या. कोणती स्पर्धा धरतात ते जिल्हा क्रीडा कार्यालयातून लेखी घ्या, आणि दहावी-बारावी सोडू नका.

यंदा एवढं करा. 1500 मीटर 20 मिनिटांच्या आत आणायचं लक्ष्य धरा. डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर स्पर्धा असते, तिथं छोट्या अंतरात उतरवा. खारं पाणी, लाट, शेजारणीचा कोपर, सगळं एकदा कळू दे. ते आवडलं तर पुढं मुंबईच्या समुद्रात संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया, आणि त्याहून बराच लांबचा धरमतर ते गेटवे हा पल्ला आणखी काही वर्षांनी. मालवणला जाऊन आल्यावर तिची वेळ इथं लिहा, पुढचं मी सांगते.