सॅलरीवर असलात तरी ओव्हरटाइम मिळू शकतो

ताई, तुम्ही लिहिलंय: ह्यूस्टनच्या किराणा दुकानात नोकरी, आठवड्याला ६०० डॉलर, काम ५५ तास, आणि मालक म्हणतात, "तू मॅनेजर, सॅलरीवर आहेस, तुला ओव्हरटाइम नाही." हे साफ चुकीचं आहे.

१९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट, म्हणजे अमेरिकेचा किमान पगार आणि ओव्हरटाइमचा कायदा, हुद्द्याच्या नावावर जात नाही. मॅनेजर आहे म्हणून मालकाला ओव्हरटाइम न देण्याची सूट हवी तर पगार आठवड्याला किमान ६८४ डॉलर हवा आणि मुख्य काम खरोखर माणसं सांभाळण्याचं हवं. तुम्ही दिवसभर गल्ल्यावर असता, उरलेल्या वेळात पिठाच्या पिशव्या रॅकवर लावता. आणि तुमचा पगार तर ६८४ च्याही खाली! म्हणजे ४० तासांवरच्या प्रत्येक तासाला दीडपट. ६०० डॉलर ४० तासांचे ठरले असतील तर तासाला १५, ओव्हरटाइमचे साडेबावीस, १५ तासांचे ३३७.५०. हे दर आठवड्याला बुडतायत. "पुढच्या आठवड्यात कमी तास देतो, सरासरी ४० बसेल" हेही चालत नाही, हिशोब आठवड्यागणिक होतो.

तासांची नोंद ठेवणं मालकाचं काम. पण त्याच्यावर विसंबू नका. मी एका मोटेलात होते तेव्हा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज पेन्सिलीने आल्या-गेल्याची वेळ लिहायचे. संकष्टीच्या चौकोनात "६ ते ७.३०, जेवण नाही" असं अजून दिसतं. मालकाच्या वहीत दर आठवड्याला सरळ ४० होते. चौकशीला आलेल्या बाईंनी ती पानं एकेक करून पाहिली आणि मला पैसे मिळाले. मालकाची नोंद खोटी किंवा अपुरी असेल तर कामगाराचा रास्त अंदाज धरावा, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९४६ मध्येच सांगितलंय.

"आपलीच माणसं आहेत, तक्रार कशी करू" हे तुमचं वाक्य वाचून फार वाईट वाटलं. मीही त्याच संकोचात आठ महिने घालवले. एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहात म्हणून हा हक्क कमी होत नाही. तक्रार केली म्हणून काढून टाकणंही बेकायदा आहे. तसं केलंच तर त्याची वेगळी दाद मागता येते.

लेबर डिपार्टमेंटच्या वेज अँड अवर डिव्हिजनला १-८६६-४८७-९२४३ वर फोन करा. पैसे लागत नाहीत, तुमचं नाव गुप्त राहतं, दुभाषी मागता येतो. फक्त उशीर नको: मागची दोनच वर्षं धरतात, मालकाने जाणूनबुजून केलं असेल तर तीन. आज रात्री बसून आठवतील तेवढे तास तारीखवार लिहून काढा, पे-स्टबचे (पगाराच्या पावत्यांचे) फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, आणि मग फोन लावा.