फार समजूतदार मुलीची आई

‘‘मॅडम, तिची तक्रार अशी काही नाहीच. उलट वयाच्या मानाने फारच समजूतदार आहे. पण हल्ली बोलत नाही.’’

समुपदेशन करताना हे मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की ‘समजूतदार’ म्हटलं की माझे कान टवकारतात. परदेशात स्थायिक झालेल्या घरांतून तर हमखास. अशाच काही घरांची मिळून एक गोष्ट सांगते, ओळखीच्या खुणा पुसून.

कुटुंब म्युनिकला राहणारं. बाबांचं ऑफिस इंग्रजीत चालायचं, त्यामुळे त्यांचं जर्मनवाचून अडलं नाही. आईचं पावलोपावली अडायचं. चौथीतली मुलगी मात्र फाडफाड जर्मन बोलायची. मग दवाखाना, घरमालक, वीजबिल, सगळीकडे तीच पुढे. तिचं केवढं कौतुक व्हायचं!

बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीचं वर्ष अवघड असतं. मे महिन्याच्या सुरुवातीला मिळणाऱ्या प्रगतिपुस्तकावर पुढची शाळा ठरते. थेट गिम्नाझियमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेची, शिफारस हवी तर जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासात सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली लागते. तिथे 1 म्हणजे सर्वोत्तम. पालकभेटीतही दुभाषी मुलगीच. बाई म्हणाल्या, ही वर्गात थकलेली दिसते, हात वर करत नाही, गणितात घसरलीय. मुलीने आईला सांगितलं, ‘‘सगळं छान आहे म्हणतात.’’ पुढे शाळेची ईमेल आली, आईने ती मोबाइलवर भाषांतर करून वाचली आणि मला फोन केला, ‘‘मॅडम, ही आता खोटंही बोलायला लागली.’’

मला कारोलीने लिंक आठवली. 1964 साली जन्मलेली, म्युनिकच्याच फिल्म स्कूलमध्ये शिकलेली ही दिग्दर्शिका. तिच्या 1996 च्या ‘येनझाइट्स डेअर श्टिले’ या चित्रपटातल्या लाराच्या आईवडिलांना ऐकू येत नाही. बँकेत, शाळेत लाराच त्यांची दुभाषी, आणि बाईंची तक्रार खुणांनी सांगताना ती बेमालूम फिरवते. लिंकचे पुढचे चित्रपट पाहा. 1999 मध्ये जर्मन बालसाहित्यकार एरिश केस्टनरच्या कथेतला आंतोन आजारी आईच्या जागी आइस्क्रीमच्या दुकानात राबतो. ‘निर्गेंडवो इन आफ्रिका’मध्ये 1938 साली केनियात आलेल्या ज्यू कुटुंबातली मुलगी तिथली भाषा आधी आपलीशी करते, आई कितीतरी काळ मनाने जर्मनीतच असते. 2018 च्या चित्रपटात विनोदी कलावंत हापे केर्केलिंगचं बालपण आहे: खचत चाललेल्या आईला हसवण्याची जबाबदारी त्या पोराने स्वतःवर घेतलेली. आई शेवटी आयुष्य संपवते. ते थांबवणं त्याच्या हातातलं नव्हतंच, पण हे मुलांना कोण सांगतं?

मी आईबाबांना लाराचा चित्रपट बघायला सांगितला, दोघांनीच. मूल बिघडलं असं दिसतं तेव्हा घरात कोणाचं काम कोण करतंय, हे मी आधी बघते. इतक्या वर्षांत या वाटेने मला क्वचितच चकवलंय.

पुढच्या भेटीत माय-लेकी स्क्रीनवर शेजारी बसल्या होत्या. ‘खोटं का बोललीस’ असं मी मुलांना विचारत नाही. विचारलं, ‘‘बाई बोलत होत्या तेव्हा तू कुणाकडे बघत होतीस?’’

‘‘आईकडे.’’

‘‘का गं?’’

‘‘तिचा चेहरा उतरायला लागला की मला कळतं. मग मी मधलं गाळते.’’

‘‘आणि तुझा चेहरा कोण बघत होतं?’’

तिने बराच विचार केला. ‘‘बाई.’’

आईला रडू कोसळलं. मुलीचा हात लगेच टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे गेला, टोपण अर्धं फिरवूनही झालं. मी म्हटलं, ‘‘राहू दे बेटा. आईला हवं असेल तर ती घेईल पाणी.’’ तिचा हात टोपणावर तसाच राहिला. आईने डोळे पुसले, बाटली तिच्या हातातून घेतली आणि म्हणाली, ‘‘बाई काय म्हणाल्या ते आता सांग. सगळं सांग. मी रडले तरी सांग.’’ हे शेवटचं वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. माझ्या कामातलं सुख अशाच क्षणांत असतं.

भाजी आणताना दोन वाक्यं मुलांनी बोलावीत, खुशाल. पण आजारपण, पैसे आणि त्यांचीच प्रगती यांत त्यांना दुभाषी करू नका. ओळखीतल्या मोठ्या माणसाला न्या, शाळेकडे दुभाषी मिळेल का विचारा. वडिलांनीही ‘मला जर्मनची गरज नाही’ म्हणून अंग काढून घेऊ नये. 2003 च्या मार्चमध्ये ‘निर्गेंडवो इन आफ्रिका’ला ऑस्कर मिळालं तेव्हा लिंक सोहळ्याला नव्हती, लहानगी मुलगी आजारी होती म्हणून. यात मला त्याग वगैरे दिसत नाही. मोठ्यांचं काम मोठ्या माणसाने केलं, इतकंच.

आणखी एक. हे काम काढून घेतलं की मुलं खूश होत नाहीत, चिडतात. मी तसं आधीच बजावलं होतं. आई शेजारणीला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेली, तर मुलगी धुसफुसली, ‘‘मग माझा काय उपयोग?’’ हा प्रश्न आला की घाबरून काम परत देऊ नका. तिला खेळायला पिटाळा.

आई आता जर्मनच्या क्लासला जाते. मुलगी तिच्या उच्चारांवर पोट धरून हसते, चुका काढते. ते मात्र मी बंद करायला सांगितलेलं नाही.